घडीच्या पत्रिकेविषयी दोन शब्द

(महोत्सवाच्या तयारीसाठी जमलेल्या तरुण मंडळीपुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या मिस्साबलिदानाची पत्रिका यंदा घरच्या संगणकावरच जुळवावी असे आपल्या समितीने ठरविले आहे, व त्या कामी आम्ही चार शब्द सांगावेत अशी आपली इच्छा दिसते. ह्या विषयात आमचा अधिकार एवढाच की, हे काम आम्ही एकदा पुरते बिघडविले आहे.

२०२१ च्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. महामारीत निवर्तलेल्यांच्या स्मरणार्थ मिस्साबलिदान व्हावयाचे होते आणि सातारा व सांगली ह्या दोन्हीकडील कुटुंबे यावयाची होती. आम्ही रात्री बसून चार पाने जुळविली: मुखपृष्ठ, वाचने, मृतांची नावे, गीते. पाने वाचावयाच्या क्रमानेच, पहिले व दुसरे एका बाजूस, तिसरे व चौथे दुसऱ्या बाजूस, अशी बसविली. कागद घडी करून पाहतो तो मुखपृष्ठ पाठीमागे! ती चूक घाईने दुरुस्त केली, आणि पुन्हा घडी करून न पाहताच दीडशे प्रती काढल्या. सकाळी उघडून पाहिले तर आतील दोन्ही पाने डोके खाली, पाय वर अशी छापलेली. नव्याने छापण्यास वेळ उरला नव्हता.

सांगलीहून पहाटेच्या गाडीने आलेल्या एक आजी तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. शेजारच्या मुलाने, ‘आजी, कागद उलटा धरलाय,’ म्हणून तो त्यांच्या हातात सरळ करून दिला. आजींनी काही न बोलता तो पुन्हा उलटा केला व एका नावावर बोट ठेवून बसून राहिल्या. ते बोट आम्ही वेदीवरून पाहिले.

आता पद्धत सांगतो. संगणक सुरू करण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या, मधोमध घडी घाला, पानांवर हाताने १, २, ३, ४ असे आकडे लिहा आणि कागद उलगडा. बाहेरच्या बाजूस डावीकडे ४ व उजवीकडे १, आतल्या बाजूस २ व ३ असे दिसेल. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज दोन्ही बाजूंस ५ च येते. आठ पानांची पत्रिका असेल तर दोन कागद एकात एक घाला. तेथे ८ व १, २ व ७, ६ व ३, ४ व ५ अशा जोड्या पडतात आणि बेरीज सर्वत्र ९. पानांची संख्या चारच्या पटीत असावी लागते ती ह्याच कारणाने. पाच पानांचा मजकूर हट्टाने आणाल तर तीन पाने कोरी राहतील.

ए-४ कागद आडवा धरला म्हणजे रुंदी २९.७ सेंटिमीटर. दोन स्तंभ करून कडेला दीड सेंटिमीटर समास सोडला तर मधले अंतर तीन ठेवावे, म्हणजे घडीच्या दोन्ही अंगांस दीड-दीड येते व प्रत्येक स्तंभास ११.८५ उरतात. मधले अंतर कमी ठेवल्यास अक्षरे घडीत शिरतात. दोन्ही बाजूंस छापताना मात्र कागद आखूड कडेवर उलटावा अशी आज्ञा यंत्रास द्यावी. आम्ही लांब कड तशीच राहू दिली होती. आजींचा कागद उलटा झाला तो एवढ्याने. लिबरऑफिस रायटरमध्ये ‘ब्रोशर’ नावाचा पर्याय आहे; तो निवडल्यास पाने सरळ क्रमाने लिहावीत, जोड्या तोच लावतो. आपणही लावल्या व त्यानेही लावल्या तर काय गोंधळ होईल तो सांगावयास नको.

टंक युनिकोडचाच घ्या. जुन्या पद्धतीच्या टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की मराठीचे चमत्कारिक कडबोळे होते. बाहेर छापावयास द्यावयाचे असेल तर टंकासह पीडीएफ करून द्यावे. गीतांची अक्षरे १४ बिंदूंहून लहान नकोत, आणि कडव्याच्या मध्येच पान उलटावे लागू नये. म्हाताऱ्या माणसांचे सूर तेथेच तुटतात.

थोडे विषयांतर होते, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या सांगली जिल्ह्यातच, मिरजेस, १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. छाप सुलट उठावा म्हणून त्या कारागिराने एकेक अक्षर उलटे कोरले असले पाहिजे! आणि आपल्या फादर स्टीफन्स ह्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. आज तीच अक्षरे फुकट मिळत असता आम्ही दीडशे कागद वाया घालविले, ह्याची लाज अद्याप वाटते.

महोत्सवाच्या पत्रिकेत धर्मग्रामातील दिवंगतांची नावे आतील पानांवर घ्यावयाची आहेत. प्रथम एकच प्रत काढा, घडी करा, बाकावर बसून पहिल्या गीतापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत ती पाने उलटून पाहा, आणि ज्या कुटुंबाचे नाव त्यांच्याकडून ते वाचवून घ्या. ऱ्हस्वदीर्घाची चूक आपल्याला दिसत नाही, मुलाला दिसते. साताऱ्यातील घरे तुम्ही वाटून घ्या. सांगलीस त्या आजींकडे प्रत घेऊन जाण्याचे काम आम्ही स्वतःकडे ठेवले आहे.