गढूळ पाणी दिसलं की…

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक कर्जाच्या हप्त्यांवर होती, ती गेली दारावर. एका ताईंच्या मोरीचं दार लागेना. पावसानं फुगलं म्हणावं, तर दार पत्र्याचं! त्यांच्या भिंतीपलीकडे बेसमेंटसाठी मोठा खड्डा खणतायत.

असा खड्डा खणण्याआधी कडेनं जमिनीत खोल भोकं पाडतात, सळयांचा पिंजरा सोडतात, काँक्रीट भरतात. हे पाइल. त्यांची रांग म्हणजे मातीला धरणारी भिंत. ती झाली की मग आतली माती काढायची. पण आमची वस्ती भरावावर, खाली खाडीचा चिखल. भोकाच्या कडा ढासळतात, म्हणून पोलादी नळी घालतात, नाहीतर बेंटोनाइट मातीचा काला भरून ठेवतात. एवढं करूनही भोक खाली तिरकं गेलं, तर दोन पाइलमधली फट वाढते. वरून कळत नाही, खणल्यावरच दिसते.

फटीतून पाणी येतं. पाणी फार उपसलं, तरी आजूबाजूची जमीन खचू शकते. पण पाणी गढूळ असेल तर जास्त घाबरायचं. त्याच्याबरोबर माती निघालेली असते, आणि ती आपल्याच घराखालची.

त्या ताईंनी वरून वाकून पाहिलं, तर कोपऱ्यात चहासारखं पाणी. साइटवरचे साहेब म्हणाले, “जुनी घरं, तडे असायचेच.” मग आम्ही भिंतीतल्या प्रत्येक तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची टिकली लावली, शेजारी तारीख लिहिली, रोज फोटो काढला. चौथ्या दिवशी दोन टिकल्या चिरल्या. तड्याला जुना म्हणता येतं, टिकलीला कसं म्हणणार? फोटो आणि अर्ज वॉर्ड ऑफिसात दिला, पोच घेतली. त्या कोपऱ्यातलं खोदकाम थांबलं, फटीत सिमेंटचं ग्राउट भरलं.

मला जास्त काळजी खड्ड्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांची वाटत होती. पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर पावसात कंपाउंडची भिंत कोसळली, शेजारच्या बांधकामावरच्या कामगारांच्या खोल्यांवर. १५ जण गेले, त्यात मुलंही होती. तो दाखला अर्जात घातला होता. आमच्याकडच्या खोल्या आता रस्त्याच्या बाजूला हलवल्यात.

ताईंचं दार मात्र अजून लागत नाही. दुरुस्तीचा खर्च कोण देणार, यावर येत्या सोमवारी बोलणं आहे. आम्ही सातजणी जाणार आहोत, फोटोंची वही घेऊन.