नाला की गटार?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मी पालघरकडून येतोय. तिकडे भात, खाडी आणि बोईसर-तारापूरचे कारखाने. त्या पाण्याशी आपल्या कापूस-ज्वारीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो हिशेबाचा आहे.

ज्वारीत तूर का पेरता? ज्वारीची मुळं वरच्या थरातलं खातात, तुरीचं सोटमूळ खालचं खेचतं. एकाच रानात दोघांची जागा वेगळी, म्हणून एकूण पीक जास्त. हे आपल्या आज्याला ठाऊक होतं. नाल्याचंही तसंच आहे, हे मात्र शेतकी कॉलेजात मला कुणी शिकवलं नाही.

अमेरिकेत ब्रॅडली कार्डिनाले या शास्त्रज्ञानं दीडशे छोटे कृत्रिम ओढे तयार केले. काहींत शेवाळाची एकच जात सोडली, काहींत आठपर्यंत. पाण्यात नायट्रेट घातलं. आपल्या युरियाचं शेवटी जे होतं, तेच. २०११ साली निकाल छापला. एका जातीच्या ओढ्यापेक्षा आठ जातींच्या ओढ्यानं नायट्रेट सरासरी साडेचार पट वेगानं उचललं. धारेच्या जागी दगडाला चिकटणारं बुटकं शेवाळ, संथ जागी लांब तंतूंचं. ज्यानं त्यानं आपली जागा सांभाळली.

पुढची गोष्ट महत्त्वाची. त्यानं ओढ्यातल्या वेगवेगळ्या जागाच काढून टाकल्या, सगळं पाणी एकसारखं केलं. फायदा संपला. शेवटी एकच जात उरली.

आता तारापूर बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातली सर्वांत प्रदूषित औद्योगिक वसाहत म्हणून तारापूर पहिलं होतं. मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादाकडे गेली. २०२२ साली लवादानं शंभराहून अधिक कारखान्यांवर भरपाई बसवली. म्हणजे पाणी फुकटात साफ करणारा गडी आधी मारला, मग त्याची किंमत कोटींत निघाली. शेवाळ नायट्रेट खातं. कारखान्याचं विष खात नाही, त्यानं मरतं.

कारखानदाराला शिव्या देणं सोपं आहे. आपण काय करतो? २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान आलं, जेसीबी नाल्यात उतरले. पाणी अडलंच पाहिजे, त्याला माझा विरोध नाही. पण कितीतरी ठिकाणी वळणं कापली, दगड उचलले, डोह बुजवले आणि नाल्याचा सरळ चर केला. मग मोठा पाऊस आला की कपाशीला दिलेला युरिया वाटेत कुणी न अडवता पुढे जातो. पुढे कुणाची तरी विहीर असते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. त्याचा धोका सगळ्यात जास्त तान्ह्या लेकराला.

आपला नाला बारमाही नाही, हे खरं. पण डोह आणि ओले दगड राहिले, तर पुढच्या पावसाला शेवाळाचं, किड्यांचं, माशांचं बियाणं तिथंच मिळतं. चरात काय उरणार?

म्हणून नाला खोलीकरणाचा ठराव ग्रामसभेत आला की मायबहिणींनी आधी उठून विचारायचं: वळण राहणार का? दगड राहणार का? डोह राहणार का? तीनही उत्तरं कागदावर घ्या, मगच हात वर करा.