कातळावर वाढणारे बेडूकमासे



पावसाच्या पहिल्या जोरदार सरी होऊन गेल्या, की बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले कातळ पाझरू लागतात. दगडावर पाणी साचत नाही. नुसती ओल असते आणि त्या ओलीवर हिरवं शेवाळ धरतं. एवढ्याशा ओलीत एका बेडकाची पिल्लं लहानाची मोठी होतात.

या बेडकाचं शास्त्रीय नाव इंडिराना लीथी. लांबी साधारण तीन सेंटिमीटर, रंग पाचोळ्यासारखा तपकिरी. बोटांची टोकं रुंद असल्याने ओल्या दगडावर त्याची पकड सुटत नाही. चाहूल लागली की तो लांब उडी घेऊन पाचोळ्यात दिसेनासा होतो.

खरं नवल त्याच्या पिल्लांचं आहे. बेडूकमासा म्हटलं की डबक्यात वळवळणारं काळं पिल्लू आठवतं. हे बेडूकमासे मात्र उभ्या कातळाला चिकटून राहतात आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. त्यांची शेपटी लांब, दणकट आणि अरुंद असते. तिचा फटका मारून ते कातळावर टुणकन उडतात. मागचे पाय इतर बेडूकमाशांपेक्षा लवकर फुटतात आणि दगडावर सरकताना उपयोगी पडतात. डबक्यातल्या माशांची भीती इथे नाही; कातळ वाळला तर मात्र जीवावर बेततं.

1888 साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज अल्बर्ट बुलेंजर यांनी माथेरानच्या नमुन्यांवरून या जातीचं वर्णन केलं. मुंबईतले डॉक्टर अँड्र्यू लीथ यांचं नाव तिला मिळालं. ज्या कुळातली ही जात, त्या कुळातले बेडूक भारताबाहेर कुठेच सापडत नाहीत. त्यांचं मुख्य घर सह्याद्री. 2004 साली आंतरराष्ट्रीय लाल यादीत या जातीची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून झाली.

मुंबईच्या उपनगरांत या बेडकाला जागा उरली, त्यात पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा आहे. विहार तलाव 1860 साली आणि तुळशी तलाव 1879 साली पूर्ण झाला. शहराला स्वच्छ पाणी हवं म्हणून त्यांच्या पाणलोटातलं रान राखलं गेलं. पुढे तेच राष्ट्रीय उद्यानाचा गाभा झालं. आज त्याच्या एका अंगाला बोरिवली आणि गोरेगाव, दुसऱ्या अंगाला मुलुंड आणि भांडुप.

तलाव राखला, झाडं राखली, तरी कातळाच्या पाझराकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. माथ्यावरचं गवत आणि माती गेली, की पाऊस उघडताच पाझर आटतो. डोंगराच्या उतारावर सिमेंट थापलं, की शेवाळ धरायला दगडच उरत नाही. म्हणून उद्यानाच्या कडेला भिंत, रस्ता किंवा पायवाट आखताना पावसाळ्यात तिथे जाऊन कोणता कातळ पाझरतो हे पाहायला हवं आणि नकाशात त्याची खूण करायला हवी. उन्हाळ्यातल्या पाहणीत ती जागा कोरडा दगड म्हणूनच नोंदली जाईल.

या जुलैत उद्यानात गेलात, तर ओल्या कातळावर हात टेकण्याआधी जरा वाकून बघा. शेपटीवाली बारीक पिल्लं दिसली तर फोटो घ्या, पण त्यांना उचलू नका.