हिवताप, रक्त आणि कूळ



ऊसतोडीच्या फडाशेजारी एका कोपीत चार-पाच माणसं झोपतात. डास सगळ्यांनाच चावतात. पण हिवतापाची लागण झाली तर एकजण दोन दिवस कुडकुडून उठतो, दुसऱ्याला दवाखान्यात न्यावं लागतं आणि तिसऱ्याला काहीच होत नाही. असं का, हे बीड जिल्ह्यात विचारा, नाहीतर महाराष्ट्रात आणखी कुठं विचारा, उत्तर बहुधा रक्तावर येऊन थांबतं. त्याचं रक्तच खमकं, त्या जातीला हा आजार बाधत नाही, रानात राहणाऱ्यांना सवय असते, असं लोक म्हणतात. वर्तमानपत्रातल्या विज्ञानाच्या बातम्या वाचणारा माणूस तेच जरा सुधारून सांगतो की त्यांच्या जनुकांतच प्रतिकारशक्ती असते. या बोलण्यात थोडं तथ्य आहे, आणि तेवढ्यामुळेच ते फसवं आहे. हिवतापापुढे माणूस किती टिकाव धरेल हे काही अंशी वंशपरंपरेनं ठरतं, यात आता शंका उरलेली नाही. मात्र एखाद्याची जात, जमात किंवा कूळ कळलं म्हणजे त्याच्या रक्तातलं कळलं, असं समजायला पुरावा नाही. आज मला एवढंच मांडायचं आहे.

आधी तथ्य किती ते पाहू. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी दिसला. बीड त्या वेळी निजामाच्या त्याच राज्यात होतं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. डास रोग पसरवतो हे कळलं, तरी रोग्यारोग्यांत फरक का, हा प्रश्न उरलाच होता. १९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी तर्क केला की भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत थॅलॅसेमियासारखा रक्तदोष इतका सर्रास दिसतो, त्याअर्थी तो हिवतापापासून वाचवत असला पाहिजे. त्या तर्कानंतर पाच वर्षांनी अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत तसंच असल्याचं दाखवून दिलं. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत एका ठिकाणी एक अमिनो आम्ल बदलतं, एवढाच हा दोष. तो आईवडिलांपैकी एकाकडून आला तर माणूस नुसता वाहक होतो. वाहकाला हिवताप होतो, पण तो जिवावर बेतण्याचा धोका सुमारे ८५ टक्क्यांनी कमी असतो. दोघांकडून आला तर मात्र सिकलसेलचा आजार जडतो, आणि अशा रुग्णाला हिवताप इतरांपेक्षा अधिक घातक ठरतो. तेव्हा 'सिकलसेलवाल्यांना मलेरिया होत नाही' हे ऐकीव वाक्य कुणी घरात सिकलसेलचा रुग्ण असताना खरं मानून चालला, तर ते फार महागात पडेल.

महाराष्ट्रात सिकलसेल प्रामुख्यानं नंदुरबारकडचे भिल्ल आणि पावरा, गडचिरोलीचे माडिया आणि गोंड, आणि विदर्भातल्या काही दलित समाजांत आढळतो. मग जमातीवरून प्रतिकारशक्ती ओळखता येते असं म्हणायला काय हरकत आहे? हरकत आकड्यांची आहे. पुण्याच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाचे डॉ. एस. एल. काटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यातल्या आदिवासी जमातींची पाहणी केली, तेव्हा वाहकांचं प्रमाण जमातीगणिक शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत निघालं. म्हणजे सर्वाधिक प्रमाण असलेल्या जमातीतही शंभरातल्या पासष्ट जणांकडे हे कवच नाही, आणि आदिवासी म्हणून ज्यांना आपण एका ओळीत बसवतो त्यांतल्या काहींकडे ते मुळीच नाही. जमात आणि जनुक यांची ही गुंफण इतिहासानं घातली आहे. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या डॉ. थंगराज यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की भारतातले बहुतेक समाज सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मिसळले, आणि नंतर जातीबाहेरची लग्नं थांबली. दारं बंद झाली तेव्हा ज्या घरात जे होतं ते तिथंच साठत गेलं. जिथं हिवताप फार होता तिथं सिकलसेलचा दोष टिकला आणि वाढला. यात जातीचा गुण कुठंच नाही. भूगोल आणि लग्नाचे नियम यांनी मिळून हे घडवलं.

याहून सोपा दाखला रक्तगटाचा. फॅल्सिपेरम या प्रकारच्या हिवतापात परजीवी शिरलेली पेशी आसपासच्या निरोगी तांबड्या पेशींना चिकटते, त्यांचे पुंजके बनतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. ओ गटाच्या रक्तात हे पुंजके सैल होतात, म्हणून ओ गटाच्या माणसाला गंभीर हिवतापाचा धोका इतरांपेक्षा कमी. आफ्रिकेतल्या मोठ्या अभ्यासांत हे वारंवार पडताळलं गेलं आहे. आता ओ गट बीडमध्ये कोणत्या जातीचा? मराठा, वंजारी, बंजारा, धनगर, बौद्ध, मातंग, मुस्लिम, कोणत्याही वस्तीत रक्तदान शिबिर घ्या, चारही गटांचे लोक निघतील. हिवतापाशी ज्याचा संबंध पक्का ठरला आहे असं हे एक जनुक जातीच्या सगळ्या रेघा ओलांडून सख्ख्या भावाभावांतसुद्धा वेगळं असू शकतं.

आता प्रत्यक्ष प्रतिकारशक्तीच्या जनुकांकडे वळू, कारण बातम्या होतात त्या त्यांच्याच. १९९१ मध्ये एड्रियन हिल आणि सहकाऱ्यांनी गांबियातल्या मुलांचा अभ्यास करून एचएलए-बी५३ हा जनुकप्रकार गंभीर हिवतापापासून वाचवतो असं मांडलं. तो पश्चिम आफ्रिकेत सर्रास आणि अन्यत्र विरळ, त्यामुळे वंशाशी त्याची सांगड लगेच बसली. पुढची वीस वर्षं अशी जनुकं सापडतच राहिली. २०१४ मध्ये मलेरियाजेन या आंतरराष्ट्रीय गटानं आफ्रिका, आशिया आणि ओशनियातले गंभीर हिवतापाचे ११,८९० रुग्ण आणि तुलनेसाठी १७,४४१ जण घेऊन आधी गाजलेल्या २७ जनुकस्थानांची फेरतपासणी केली. टिकली फक्त पाच. त्यांतली चार तांबड्या पेशीच्या घडणीशी निगडित होती, आणि प्रतिकारशक्तीचं म्हणावं असं एकच, सीडी४० लिगँडचं. उरलेली बावीस पुराव्याअभावी बाजूला पडली. भारतातही २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सीआर१ या जनुकाचा फॅल्सिपेरमशी असलेला संबंध हिवतापाचा जोर असलेल्या भागात एक आणि जोर नसलेल्या भागात दुसराच दिसला. जनुक तेच, पण मुलूख बदलला की त्याचा अर्थ बदलतो.

एवढी जनुकं का गळाली? नमुने लहान होते हे एक कारण. दुसरं आपल्या विषयाच्या गाभ्याचं आहे, आणि ते बीडच्या परिस्थितीवर बेतून पाहिलं की चटकन कळतं. समजा, कुणी हिवतापाचे रुग्ण म्हणून ऊसतोडीच्या टोळ्यांतली माणसं घेतली आणि निरोगी म्हणून गावातल्या कॉलेजची मुलं घेतली. ऊसतोडीला काही समाजांतून जास्त लोक जातात, काहींतून कमी. म्हणजे त्या समाजांत योगायोगानं जास्त असलेला कोणताही जनुकप्रकार रुग्णांत जास्तच दिसणार, आणि संशोधक म्हणणार, हिवतापाचं जनुक मिळालं! प्रत्यक्षात मिळालेलं असतं कोपीत झोपण्याचं कारण, म्हणजे कोरडवाहू जमीन आणि मुकादमाकडून घेतलेली उचल. पूर्वजांचा हिशेब काटेकोरपणे वेगळा न काढता केलेला अभ्यास अशा रीतीनं गरिबीला रक्ताचं नाव देऊन मोकळा होतो.

यावर जाणकाराचा एक आक्षेप येईल, आणि तो भक्कम आहे. बुर्किना फासोमध्ये फुलानी, मोसी आणि रिमाइबे हे तीन समाज एकाच परिसरात राहतात. १९९६ मध्ये मोदियानो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डास सगळ्यांना सारखेच चावत असूनही फुलानींच्या रक्तात परजीवी कमी आणि प्रतिपिंडं जास्त होती. शिवाय हिवतापरोधक म्हणून नावाजलेले नेहमीचे रक्तदोष फुलानींत शेजाऱ्यांपेक्षा कमीच निघाले. म्हणजे समाजासमाजांत खरा फरक असू शकतो. मला हे मान्य आहे. पण हा फरक कळला तो माणसं तपासून, ऋतूमागून ऋतू रक्त मोजून. समाजाच्या नावानं तिथं प्रश्न पुढे आणला, उत्तर रक्ताच्या थेंबातूनच काढावं लागलं. आणि फुलानींना हिवताप होतो, हे विसरता कामा नये.

आनुवंशिकतेचा एकूण वाटा किती, याचा पुरावा केनियाच्या किलिफीचा. २००५ च्या त्या अभ्यासात मुलांना होणाऱ्या हिवतापातल्या एकूण फरकापैकी सुमारे चौथा हिस्सा आनुवंशिक निघाला. त्यात सिकलसेलचा वाटा होता अवघा दोन टक्क्यांचा. साध्या हिवतापात घराचा वाटा, म्हणजे घर कुठं आहे, कसं आहे, याचा, जनुकांपेक्षा किंचित जास्तच भरला. बीडसाठी हा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. जिल्हा दुष्काळी, पण पैठणचा उजवा कालवा माजलगाव धरणात येतो, आणि पाण्याअभावी जागोजागी टाक्या भरून ठेवलेल्या असतात. कालवे, खड्डे आणि ओढ्यांची डबकी अ‍ॅनोफिलिसच्या एका जातीला मानवतात, टाक्या आणि विहिरी दुसऱ्या जातीला. दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊसतोडीसाठी सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे आणि कर्नाटकात निघून जातात. ताप विचारत पंधरा दिवसांनी आरोग्यसेवक दारी येतो, तेव्हा दाराला कुलूप असतं, आणि फडावरच्या कोपीला तर दारच नसतं.

मग जनुकांचा अभ्यास सोडून द्यायचा का? मुळीच नाही. १९७६ मध्ये लुई मिलर यांनी दाखवलं की ज्यांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचं प्रथिन नसतं त्यांच्यात हिवतापाचा व्हायवॅक्स हा दुसरा परजीवी सहसा शिरू शकत नाही. त्यातूनच व्हायवॅक्सवरच्या लशीचा एक मार्ग सुचला. रोग पेशीत कसा शिरतो हे जनुकं सांगतात, आणि औषध कुणाला सोसेल हेही सांगतात. आपल्या कामाचं आहे ते हे दुसरं.

व्हायवॅक्सचा परजीवी यकृतात दडून राहतो आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी पुन्हा उठतो. फडावर लागलेला हिवताप गावी परतल्यावर उलटतो तो यामुळे. त्याला मुळातून काढायला प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. पण ज्यांच्या रक्तात जी६पीडी हे विकर कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीनं फुटतात. भारतातल्या निरनिराळ्या समाजांत या कमतरतेचं प्रमाण शून्यापासून २७ टक्क्यांपर्यंत नोंदलं गेलं आहे, आणि तिचा एक प्रकार तर आपल्या कल्याण शहराच्या नावानं, केरळ-कल्याण म्हणून, ओळखला जातो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणजे मुलग्याला ते आईकडूनच मिळतं, बापाकडून कधीच नाही. बापाच्या बाजूनं मोजलेलं कूळ इथं काही सांगू शकत नाही. सांगते ती रक्ताची तपासणी.

म्हणून ताप आला की जात, कूळ, सवय काही न पाहता रक्तनमुना द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो फुकट तपासला जातो. टोळीबरोबर निघताना आशाताईंना कळवा, आणि मुकादमांनी फडावर मच्छरदाण्या न्याव्यात. व्हायवॅक्स निघाला तर जी६पीडीची तपासणी होऊ शकते का, असं डॉक्टरांना विचारा. गर्भवती बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत, तेव्हा दिवस गेले असतील तर ते आधीच सांगा. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. मात्र गोळ्या चालू असताना लघवी काळपट किंवा लालसर झाली अथवा ओठ निळे पडले, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.