हुकूम न्यायालयाचा, ओझे बहिणीवर का?



आज एकाच विषयावर बोलतो: वाटपाच्या दाव्यात मनाई हुकूम मोडणाऱ्याला होणारी दिवाणी कैद.

हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायक झाली. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नसले तरी तिचा हा हक्क टिकतो, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. बहीण दावा लावते, निशाणी ५ वर मनाई मिळवते. आणि दावा चालू असतानाच भाऊ गटातला रस्त्याकडचा तुकडा खरेदीखताने विकून मोकळा होतो.

अशा वेळी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २-अ खाली मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. कैदेआधी जप्ती झालीच पाहिजे असे नाही, हे १९९८ पासून ठरलेले आहे. तरीही अर्ज पडून राहतो. दरम्यान मामा, काका, गावातली चार माणसे बहिणीकडे येतात. ‘सख्ख्या भावाला तुरुंगात घालणार का? माहेर कायमचे तुटेल,’ असे तिला ऐकवतात. ती अर्ज मागे घेते. पुष्कळदा त्याच आठवड्यात हक्कसोडपत्रावर सहीही करते.

हा तिच्यावर घोर अन्याय आहे. भावाने हुकूम मोडला तो न्यायालयाचा. हुकूम न्यायालयाचा आहे, बहिणीचा नाही, ही गोष्ट मनाई देतानाच न्यायाधीशांनी दोघांना समोर उभे करून मराठीत सांगावी, अशी माझी विनंती आहे.

कैदेची मला हौस नाही. हुकूम मोडून केलेले बांधकाम पाडायला, खरेदीखत रद्द करून द्यायला भावाला एक ठरावीक मुदत जरूर द्या. तो ते करील तर कैद नको. पण विक्रीचे पैसे स्वतःकडे ठेवून नुसता माफीनामा देणाऱ्याला सोडू नका. दंडाने हे भागत नाही. १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यात दंडाची कमाल मर्यादा आजही दोन हजार रुपये आहे, आणि दंड पुरेसा नसेल तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद तोच कायदा सांगतो. त्या वाटेने जायचे तर एका वर्षाची मुदत विसरू नका.

आता आपणा वकिलांकडे वळतो. आपण ‘जैसे थे’ एवढाच आदेश घेऊन समाधानाने बाहेर पडतो. त्या दिवशी जमीन कोणाच्या कब्जात होती, विहीर कोण वापरत होते, सातबारावर कोणाचे नाव होते, हे आदेशात कुठेच नसते. हेतुपुरस्सर अवज्ञा सिद्ध करायची, तर कशाची? मोघम हुकुमाचा फायदा तो मोडणाऱ्याला मिळतो, आणि तो आपणच त्याच्या हाती देतो. गट नंबर, चतुःसीमा, उभे पीक, बांधकामाची पातळी लिहून घ्या. गरज पडली तर कोर्ट कमिशनर मागा. दावा चालू असताना होणाऱ्या विक्रीबाबतच्या, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ला १९३९ ची मुंबई दुरुस्ती आहे. ती जिथे लागू आहे तिथे दुय्यम निबंधकाकडे दाव्याची नोटीस नोंदवली नाही, तर त्या कलमाचा आधार खरेदीदाराविरुद्ध घेता येत नाही. हे काम पहिल्याच दिवशी उरकावे.

वकील मित्रांनो, नियम २-अ खालचे आपल्या पक्षकारांचे पडून असलेले अर्ज परत गेल्यावर बाहेर काढा, आणि पुढच्याच तारखेला ते चौकशीला घेण्याची मागणी करा.