मोजणे आणि समजून घेणे : प्रसारमाध्यमांच्या अभ्यासाच्या दोन पद्धती

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



आपल्या समाजातील चार माणसे एकत्र बसली की एक तक्रार हटकून निघते. ‘वर्तमानपत्रे आपल्याविषयी वाईट तेवढेच छापतात; टीव्हीवर आपले चित्र नेहमी एकाच रंगात रंगवतात.’ ही तक्रार खरी की खोटी याचा निवाडा मी आज करणार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, उद्या एखाद्या संपादकाने ‘हे तुम्ही कशावरून म्हणता?’ असे विचारले, तर आपल्याजवळ उत्तर काय? ‘सगळे असेच म्हणतात’ हे उत्तर चालणार नाही. कानावर आलेल्या बातमीची आधी शहानिशा करा, अशी आज्ञा कुरआन शरीफमधील सूरह हुजुरातमध्ये आहे. ती जशी दुसऱ्याच्या बातमीला लागू आहे, तशीच आपल्या तक्रारीलाही लागू आहे.

अशी शहानिशा करण्याच्या दोन पद्धती माध्यमांच्या अभ्यासात रूढ आहेत. एक संख्यात्मक, म्हणजे मोजण्याची. दुसरी गुणात्मक, म्हणजे माणसांत बसून, ऐकून, बारकाईने वाचून समजून घेण्याची.

प्रथम मोजण्याची पद्धत पाहू. एखाद्या वर्तमानपत्राचे तीन महिन्यांचे अंक घ्यावेत. कोणती बातमी मोजायची आणि ती कोणत्या सदरात टाकायची (गुन्हा, राजकारण, शिक्षण, व्यापार, खेळ) याचे नियम आधी लिहून ठेवावेत. मग दोघांनी एकमेकांना न विचारता तेच अंक तपासावेत आणि दोघांचे आकडे ताडून पाहावेत. आकडे जुळले तर ती एका माणसाची मर्जी राहत नाही. कोणीही उठून तेच अंक पुन्हा तपासू शकतो. हा या पद्धतीचा मोठा फायदा.

आकड्याने समजूत कशी दुरुस्त होते याचे एक उदाहरण देतो. मुसलमानांच्या शिक्षणाविषयी लेख आला की सोबत बहुधा मदरशाचे छायाचित्र असते. वाचणाऱ्याला वाटते की आपली बहुतेक मुले तिथेच शिकतात. मार्च २००५ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा असे दिसले की शाळेच्या वयातील मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुले अवघी ३ ते ४ टक्के आहेत. छायाचित्राने वर्षानुवर्षे करून दिलेला समज एका आकड्याने खोटा ठरविला. पण त्याच अहवालात दुसराही आकडा आहे. २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता सुमारे ६५ टक्के, तर मुसलमानांची ५९.१ टक्के होती. पहिला आकडा आपण सभेत सांगतो आणि दुसरा विसरतो. मोजणी करायची तर दोन्ही आकडे स्वीकारण्याची तयारी हवी.

आता या पद्धतीच्या मर्यादा. पहिली मर्यादा अशी की, चुकीच्या लोकांना विचारले तर कितीही लोकांना विचारून उपयोग नाही. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा अंदाज घेण्यासाठी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यावरून साप्ताहिकाने लँडन जिंकणार असे छापले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात गरिबाघरी ना टेलिफोन होता, ना मोटार. शिवाय उत्तर पाठविण्याची तसदी थोड्यांनीच घेतली. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी, पण समाजातील निरनिराळ्या थरांतून निवडलेल्या लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. मुस्लिम मुलगी सातवीनंतर शाळा का सोडते, हे टक्केवारी सांगत नाही. बातमी किती ओळींची होती हे मोजता येते; ती वाचून वर्गातल्या एकुलत्या एका मुस्लिम मुलाला काय वाटले, हे मोजता येत नाही. त्यासाठी त्याच्याजवळ बसावे लागते.

दोन्ही पद्धती एकत्र वापरल्याचे एक जुने आणि उत्तम उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांसाठी रेडिओ श्रोतृगटांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत गट स्थापन झाले. गावकऱ्यांनी कार्यक्रम एकत्र ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली याची पाहणी केली. श्रोतृगट असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे, अशा तिन्ही ठिकाणी लोकांना प्रयोगापूर्वी आणि नंतर प्रश्न विचारले. गट असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान स्पष्टपणे वाढले होते. इतरत्र फारसा फरक नव्हता. एवढे मोजणीने कळले. परंतु निरीक्षक चर्चेच्या वेळी हजर होते, म्हणून हेही कळले की हे गट निव्वळ ऐकण्यापुरते राहिले नाहीत, तर गावाच्या कामाचे निर्णय घेण्याची जागा होऊ लागले. हे प्रश्नावलीच्या ‘होय’ किंवा ‘नाही’च्या चौकटीत मावले नसते.

म्हणून गुणात्मक पद्धत निर्दोष आहे असे मात्र समजू नका. वीस घरांत बसून जे कळले ते वीस लाख घरांना लागू करता येत नाही. संशोधकाला जे ऐकायचे असते तेच त्याला ऐकू येण्याचा धोका असतो. शिवाय पाहुणा समोर बसला की माणूस जपून बोलतो. सासऱ्यासमोर सुनेला विचारले, ‘तुम्ही टीव्हीवर काय पाहता?’ तर ती काय सांगणार?

मग यातली कोणती पद्धत श्रेष्ठ? आपल्या मुहद्दिसांनी हदीस पारखताना काय केले ते आठवा. एखादी गोष्ट किती जणांनी सांगितली हे त्यांनी पाहिले. आणि सांगणारा कोण, त्याची स्मरणशक्ती कशी, चारित्र्य कसे, हेही पाहिले. संख्या आणि गुण या दोन्ही कसोट्या त्यांनी वापरल्या. इल्मची ही शिस्त आपल्याला परकी नाही.

विद्यार्थी मित्रांनो, डॉक्टर आणि इंजिनिअर आपल्याला हवेतच. पण संख्याशास्त्र, समाजशास्त्र आणि वृत्तपत्रविद्या शिकलेली मुलेही हवीत. येत्या वर्षी या संस्थेच्या वाचनालयात बसून एका मराठी आणि एका उर्दू वर्तमानपत्राचे तीन महिन्यांचे अंक तपासा. जे निघेल ते लिहा, आपल्या विरुद्ध गेले तरी लिहा. ते घेऊन संपादकाकडे गेलात तर त्याला तुमचे म्हणणे ऐकावे लागेल.

आणि पालकांना एक विनंती. आपल्या घरातील बायका काय वाचतात, काय पाहतात, त्यांना काय सलते, हे पुरुष संशोधकाला त्या कधी मोकळेपणाने सांगणार नाहीत. ते विचारायला आपल्याच शिकलेल्या मुली लागतील. त्यांना अर्ध्यावर शाळेतून काढलेत, तर निम्म्या समाजाचे म्हणणे कोणाच्याही वहीत लिहिले जाणार नाही. निदान यंदा सातवी झालेल्या प्रत्येक मुलीचे नाव आठवीच्या पटावर दिसू द्या.

अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्म देवो आणि खरे बोलण्याची हिंमत देवो. आमीन.