तेहरानची आजी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'मला आवडलेला चित्रपट' या विषयावर बोला, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी एका कार्टूनपटाचे नाव दिले. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "अहो, मुलांचा कार्यक्रम रविवारी आहे!" म्हणून आधीच सांगून टाकते. हा चित्रपट हाताने काढलेल्या चित्रांचा असला तरी तो लहान मुलांचा नव्हे. त्यात तुरुंग आहे, युद्ध आहे, घटस्फोट आहे, आणि काही शब्द तर असे आहेत की कॉलेजातली भाची शेजारी बसलेली असल्यामुळे मी जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

चित्रपटाचे नाव 'पर्सेपोलिस'. तो 2007 साली फ्रान्समध्ये निघाला आणि त्याच वर्षी कानच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचे पारितोषिक मिळाले. मार्जान सात्रापी या बाई 1969 साली इराणात जन्मल्या आणि तेहरानला वाढल्या. त्यांनी आपली हकिगत आधी फ्रेंच भाषेत चित्रकथेच्या चार भागांत सांगितली, आणि मग व्हॅन्साँ पारोनो यांच्याबरोबर तिचा चित्रपट केला. पर्सेपोलिस ही इराणच्या प्राचीन सम्राटांची राजधानी. तिच्याच अवशेषांपाशी 1971 साली तिथल्या शहाने अडीच हजार वर्षांच्या राजेशाहीचा मोठा थाटाचा सोहळा केला होता. पुढे आठ वर्षांतच, 1979 च्या जानेवारीत, त्याला देश सोडावा लागला.

आपल्याला इराण आठवतो तो कोपऱ्यावरच्या इराण्याच्या चहाने आणि बनमस्क्याने. माझेही तसेच होते. या चित्रपटाने मला तेहरानमधले एक घर दाखवले. सुशिक्षित आईबाप, एक आजी, आणि नऊ-दहा वर्षांची बडबडी मार्जी. शहा जावा म्हणून ही माणसे मोर्चाला जातात. शहा जातो, आनंदीआनंद होतो, तुरुंगातले लोक सुटून येतात. त्यांत मार्जीचा अनूश काका असतो. तो तिला ब्रेडच्या गराचा एक हंस करून देतो. पण नव्या राजवटीला हे जुने डावे लोकही नकोसे होतात. काकाला पुन्हा धरतात आणि देहदंड होतो. शेवटच्या भेटीला एकाच माणसाला बोलावता येते, आणि तो या पोरीला बोलावतो. तिथेही तो तिच्या हातात ब्रेडचा हंसच ठेवतो. चित्रे काळी-पांढरी, साधी, पाटीवर खडूने काढल्यासारखी. पण या ठिकाणी भाचीने माझा हात धरला.

त्याच्या आधीचा एक प्रसंग मला फार लागला. एका मुलाचे वडील शहाच्या गुप्त पोलिसांत होते, एवढे मार्जी आणि तिच्या सोबत्यांना कळते. झाले! मुठीत खिळे धरून ही पोरे त्याच्या मागे लागतात. मार्जीची आई तिला वेळीच पकडते म्हणून बरे.

आमच्या वाड्यात मला कोणी पकडले नाही. 1975 साली आणीबाणीत समोरच्या बिऱ्हाडातल्या काकांना येरवड्याला नेले. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. तिच्याशी बोलू नकोस असे मला घरात कोणी म्हणाले नव्हते, फक्त त्यांचे नाव निघाले की आईचा आवाज खाली यायचा. मी तिच्याबरोबर सागरगोटे खेळायचे बंद केले. 1977 साली काका सुटून आले, पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

असो. पुढे 1980 साली इराकशी युद्ध सुरू होते. ते आठ वर्षे चालले. शेजारचे घर बॉम्बने कोसळते आणि ढिगाऱ्यात मैत्रिणीचा हात दिसतो. तोंडाळ मुलीची धडगत नाही असे ओळखून आईबाप तिला चौदाव्या वर्षी व्हिएन्नाला पाठवतात. तिथले दिवस मी गाळते, आपल्याजवळ वेळ थोडा आहे. एवढेच सांगते, की ती तिथे एकटी पडते, आजारी पडते आणि परत येते.

आता आजीविषयी. ही आजी रोज सकाळी जाईची फुले खुडून चोळीत ठेवते, म्हणून तिच्या कुशीत सुगंध येतो. आपण तीच फुले वेणीत माळतो! बांधा राखण्याची आणखी एक युक्ती ती नातीला सांगते, ती मी चहाच्या वेळी सांगेन. तिला आवाज दिला आहे दानिएल दारिए या नटीने, त्या तेव्हा नव्वदीच्या घरात होत्या. मार्जीचा आणि तिच्या आईचा आवाज कियारा मास्त्रोयानी आणि कातरीन दनव यांचा. या खऱ्याच मायलेकी.

परत आलेली मार्जी तरुण झाली आहे. एकदा ती ओठ रंगवून रस्त्यात उभी असते, आणि बायकांच्या वेशावर लक्ष ठेवणारे पहारेकरी येताना दिसतात. तिला धडकी भरते. पटकन ती जवळच बसलेल्या एका अनोळखी माणसाकडे बोट दाखवते : हा मला अचकट-विचकट बोलला. पहारेकरी त्याला घेऊन जातात. तो गयावया करीत राहतो. ही मोकळी!

ती घरी येऊन आजीला ही गंमत हसत सांगते. भाची हसली. खरे सांगते, मीही हसले. कशी सुटली पोरगी!

आजी हसत नाही. ती अशी संतापते की विचारू नका. ज्या घरातला आजा तुरुंगात पिचला, ज्या घरातल्या काकाने जीव दिला, त्या घरातली तू, आणि स्वतःची कातडी वाचवायला एका निरपराध माणसाला त्यांच्या हवाली करतेस? राज्यकर्त्यांना ती त्या वेळी एक शब्द बोलत नाही, सगळा राग नातीवर. पहिल्यांदा मला ते कठोर वाटले. भीती कोणाची, आणि बोलणी कोणाला? दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मी आजीच्या बाजूची झाले. पहारेकरी तिचे ऐकणार नव्हते, नात ऐकणार होती. आणि नात ऐकते. पुढे विद्यापीठातल्या सभेत, बायकांनाच एवढे नियम का, असे ती सर्वांसमोर उभी राहून विचारते. तेव्हा आजी प्रसन्न होते.

2022 च्या सप्टेंबरात तेहरानला महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी वेशाच्याच कारणावरून पोलिसांनी धरली आणि ती त्यांच्या ताब्यात असताना मरण पावली. त्यानंतर तिथल्या मुली ओढण्या काढून रस्त्यावर आल्या. ती बातमी पाहताना मला ही आजी आठवली.

चित्रपट संपल्यावर भाचीने विचारले, "मावशी, त्या माणसाचं पुढे काय झालं?" मी म्हटले, चित्रपटात तो पुन्हा दिसत नाही. ती म्हणाली, "आणि तुझ्या त्या मैत्रिणीचं?" मी म्हटले, ती नाशिकला असते. तिचा नंबर माझ्याजवळ आहे.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत.